भिंतीवरचा पहिला हात

इचलकरंजीत डॉक्टर सम्मेद मगदूम यांच्या दवाखान्यात शिरलं की आधी भिंत दिसायची, डॉक्टर मागाहून. त्या भिंतीवर फोटो होते. हात, पाय, माना, पाठी. चेहरा एकही नाही. प्रत्येक फोटोचे दोन भाग. डावीकडे लाल, खवले धरलेली, खाजवून चिघळलेली कातडी आणि उजवीकडे तीच कातडी पंधरा दिवसांनंतर, लोण्यासारखी नितळ. गावात लग्न ठरलं की लोक आधी कार्यालय बघतात आणि मग मगदूम डॉक्टरांची वेळ घेतात, असं चेष्टेनं म्हटलं जायचं. चेष्टा कसली, तसंच होतं. मुलाकडचे बघायला यायच्या आत अंग साफ करून देणारा डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती पार सांगलीपर्यंत गेली होती.

आपण त्यांना नुसतं सम्मेदच म्हणू. या गोष्टीत त्यांचा मोठेपणा फारसा शिल्लक राहत नाही.

२०४४ सालची क्षमावाणीची सकाळ. सम्मेद आपल्या खोलीत दार लोटून बसला होता. टेबलावर एक रिपोर्ट उघडा होता आणि तो त्यातली एकच ओळ परत परत वाचत होता. दारावर टकटक करून रेहानाबाई मुजावर आत आल्या. दवाखाना सुरू झाल्यापासून नावनोंदणीच्या टेबलावर त्याच होत्या.

"सर, मेसेज पाठवू ना? मागच्या वर्षीचाच?"

दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी जैन घरांमध्ये लहानथोर एकमेकांपुढे हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, असं म्हणतात. समोरचाही तेच म्हणतो आणि दोघं मोकळे होतात. सम्मेदचे वडील त्यासाठी अनवाणी घरोघर जायचे, ज्यांच्याशी भांडण झालंय त्यांच्याकडे सगळ्यात आधी. सम्मेदच्या दवाखान्यातून तो निरोप एका बटणावर अकरा हजार पेशंटांना जायचा. फुलांच्या चित्रासकट.

"थांबा जरा, रेहानाबाई," सम्मेद म्हणाला. "यंदाचा मी लिहितो."

त्या गेल्यावर त्यानं पुन्हा रिपोर्टकडे पाहिलं. पद्मावती आप्पासाहेब चौगुले, वय सत्तावन्न. फुप्फुसांची कार्यक्षमता बेचाळीस टक्के. इजा कायमस्वरूपी.

पद्मावती म्हणजे पद्माक्का, त्याची सख्खी मोठी बहीण. आणि बाहेरच्या भिंतीवर वरच्या रांगेत डावीकडून पहिला जो हात होता, तो तिचाच होता.

*

याची सुरुवात नऊ वर्षांपूर्वी पुण्यात झाली. त्वचारोगतज्ज्ञांचं अधिवेशन होतं आणि दुपारच्या जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या सत्रात डॉक्टर शू नावाच्या साठीच्या चिनी बाई बोलायला उभ्या राहिल्या. आवाज बारीक, इंग्रजी अडखळतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडचे जुने वैद्य कातडी आणि केस यांचा धनी फुप्फुस आहे असं मानत आले. अंगावरची रंध्रं म्हणजे श्वासाचीच बारीक दारं, असं ते सांगायचे. म्हणून इसब झालेला माणूस आला की ते आधी त्याचा खोकला विचारायचे. मी आधुनिक डॉक्टर आहे. मला वाटलं, हे एकदा मोजून बघावं.

त्यांनी सूतगिरण्यांमधले नऊ हजार कामगार मोजले होते. पडद्यावर त्यांनी एका मनगटाचा फोटो दाखवला. मनगटाच्या आतल्या बाजूला खवल्यांचं एक कडं होतं. मध्ये कातडी साफ, कडा कोरडी ठणठणीत. हे कडं ज्यांच्या हातावर आहे, त्यांची फुप्फुसं दोन-तीन वर्षांनी खराब होतात असं मला दिसतंय, त्या म्हणाल्या. कृपा करून हे कडं मलम लावून घाईनं पुसू नका. आधी छाती तपासा.

सम्मेद तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता आणि आपल्या हजरजबाबीपणावर फार खूश असायचा. तो माईक घेऊन उभा राहिला.

"म्हणजे बाई, टक्कल पडलेल्यांना आम्ही खोकल्याचं औषध द्यायचं का?"

सगळं सभागृह हसलं. पेंगणारेही जागे होऊन हसले. डॉक्टर शू हसू संपेपर्यंत थांबल्या.

"टक्कल पडलेला माणूस खोकत असेल तर जरूर तपासा, डॉक्टर. आमच्या जुन्या वैद्यांनी दिलेली कारणं चुकीची असतील. पण त्यांनी जे पाहिलं ते चुकीचं नसावं, एवढंच माझं म्हणणं."

हे उत्तर कुणी ऐकलं नाही, कारण लोक अजून सम्मेदकडे बघून हसत होते. कुणीतरी त्या प्रश्नाची चित्रफीत फिरवली. सम्मेदनं ती स्वतःही फिरवली. इचलकरंजीत महिनाभर लोक रस्त्यात थांबवून म्हणत, "काय डॉक्टर, चिनी बाईची जिरवलीत म्हणं!" त्याला गुदगुल्या व्हायच्या. चार दिवसांनी डॉक्टर शूंचं पत्र आलं. त्यात तक्रार नव्हती. तुमच्या गावात यंत्रमाग पुष्कळ आहेत असं कळलं, कडं दिसलं तर कळवाल का, एवढंच विचारलं होतं. सोबत तोच फोटो होता. सम्मेदनं तो नीट पाहिला आणि पत्राला उत्तर दिलं नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी पद्माक्का दवाखान्यात आली.

अक्काच्या यजमानांचा, म्हणजे आप्पासाहेब दाजींचा, सोळा मागांचा कारखाना होता. नवी मशिनं आली तरी कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, अक्का स्वतः बसायची, लग्न झाल्यापासून. केसांत, भुवयांवर कायम सुताची धूळ. आपली मुलगी ऋतुजा हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, आणि अक्का पदराखाली हात लपवून बसली होती.

"सम्या, हे बघ रे काय झालंय. चुडा भरायला कासार येईल तेव्हा व्याह्यांकडच्या बायका समोर बसणार. तो माझा हात हातात धरणार. हे बघितलं तर म्हणतील, आईला हाय म्हणजे पोरीला पण असणार."

तिनं पदर बाजूला केला. मनगटाच्या आतल्या बाजूला कडं होतं. मध्ये कातडी साफ.

सम्मेदनं अंगठ्यानं कडा दाबून पाहिली. अक्काचा तळवा घामानं ओला होता आणि कडा मात्र कोरडी ठणठणीत.

"खोकला आहे?" न राहवून त्यानं विचारलं.

"पहाटे येतो की जरा. कांडीवर बसणाऱ्या कुठल्या बाईला येत नाही?"

छातीची तपासणी करायला किती वेळ लागला असता? अर्धा तास. पण तपासणी करायची म्हणजे चिठ्ठीवर कारण लिहायचं. तपासणारा विचारणार, काय हो मगदूम, त्या चिनी बाईचं पटलं वाटतं? आणि आठच दिवसांपूर्वी तिच्यावर सगळं सभागृह हसवणारा माणूस तोंडघशी पडणार. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, अगदी स्पष्ट शब्दांत. पुढे नऊ वर्षं तो स्वतःला सांगत राहिला की असं काही मनात आलं नव्हतं.

"काही नाही, अक्का. साधं इसब आहे," तो म्हणाला. मलम लिहून दिलं, एक इंजेक्शन टोचलं आणि सवयीनं हाताचा फोटो घेतला.

पंधरा दिवसांत हात नितळ झाला. कासारानं कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. लग्नाच्या मांडवात अक्का हात वर करून ज्याला त्याला दाखवत होती, "माझ्या भावाची करामत बघा!" त्याच महिन्यात दवाखान्यात फोटोंची भिंत तयार झाली आणि तिचा हात पहिला लागला.

*

डॉक्टर शू पाच वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचं म्हणणं त्यांच्या मागे सिद्ध झालं, तेही त्यांच्या देशात नाही, चार वेगवेगळ्या प्रयोगशाळांत. जे सापडलं ते ऐकायला सोपं होतं. फुप्फुसाचं आतलं अस्तर आणि अंगावरची कातडी, दोन्ही शरीराच्या सीमा. दोन्हीकडे पहारा देणाऱ्या पेशी एकाच जातकुळीच्या, आणि एकमेकींना धोक्याचा निरोप द्यायची त्यांची प्रथिनंही तीच. कापसाच्या बारीक तंतूंनी फुप्फुसातल्या टोकाच्या नळ्या सुजल्या की तिथल्या पेशी एक प्रथिन रक्तात सोडतात. फुप्फुसाला आतून दुखणं कळत नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पण ते प्रथिन मनगटाच्या पातळ कातडीत पोचलं की तिथल्या घामाच्या ग्रंथी गोलाकार बंद पडतात आणि कडं उमटतं. छातीच्या फोटोत काही दिसायच्या आधी अडीच-तीन वर्षं.

त्या अवधीत वाफेतून घ्यायचं एक औषध सुरू केलं तर सूज उतरते आणि माणूस धडधाकट राहतो. अवधी उलटला की नळ्यांवर वण धरतात, आणि वण धरलेलं फुप्फुस परत मऊ होत नाही. कातडीवरचं मलम कडं तेवढं पुसतं. आतलं काम चालूच राहतं, फक्त आता ते कुणाला दिसत नाही.

मग पट्टी निघाली. बोटभर रुंदीची, चिकटपट्टीसारखी. मनगटावर वीस मिनिटं ठेवली की कातडीखाली साचलेलं प्रथिन मोजते आणि फुप्फुसाचं काय चाललंय ते सांगते, कडं पुसलेलं असलं तरी. सरकारनं यंत्रमागांच्या गावांत शिबिरं लावली. आरोग्य खात्यानं त्वचारोगतज्ज्ञांना आवाहन केलं की जुने फोटो द्या, त्यांतली कडी ओळखणारा प्रोग्रॅम आमच्याकडे आहे. तो प्रोग्रॅम सम्मेदनं गुपचूप स्वतःच्या संगणकावर चालवून पाहिला होता. त्याच्या फोटोंमध्ये तीनशे बारा कडी निघाली. त्यातल्या सत्तावन्न जणांना मलम देऊन दोन वर्षं व्हायची होती. त्यांना अजून वेळ होता. त्यानं ती यादी कुणाला दिली नाही आणि पुसलीही नाही. नुसती ठेवून दिली.

दोन आठवड्यांपूर्वी अक्का बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, शिबिरातून थेट त्याच्याकडे आली होती. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं तिला बोलता येईना. मग तिनं पट्टीचा कागद त्याच्या हातात दिला.

"तूच बघ बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

कागदावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. सम्मेद म्हणाला, "नवीन मशिन आहे, अक्का. चुकतं कधीकधी. कोल्हापुरात परत नीट तपासून घेऊ." तिनं लगेच मान डोलावली. भावानं सांगितलं म्हणजे तसंच असणार. त्या मान डोलावण्याची त्याला इतकी लाज वाटली की ती गेल्यावर तो कितीतरी वेळ बेसिनशी उभा राहून हात धूत होता.

*

क्षमावाणीच्या त्या सकाळी त्यानं स्टुलावर चढून भिंतीवरचा पहिला फोटो काढला. रेहानाबाई बघत होत्या. फोटो पिशवीत घालून तो अक्काच्या घरी गेला.

दाजी बस्तीत गेले होते. अक्का खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. नाकाला नळी, शेजारी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दिलेलं प्राणवायूचं लहान मशिन धपधप करत होतं. त्याला बघताच तिनं मांडीवरचं ताट खाली ठेवलं आणि तो बोलायच्या आत हात जोडले.

"उत्तम क्षमा रे बाळा. वर्षभरात काय वाकडं बोलले असेन तर—"

"अक्का, नको!" तो ओरडलाच. मग खाली तिच्या पायाशी बसला. "आधी माझं ऐक."

त्यानं रिपोर्ट सांगितला. बेचाळीस टक्के सांगितले, आणि आता यावर उपाय नाही हेही सांगितलं. अक्का शांतपणे ऐकत होती. बहुतेक तिला कळलं होतं. आपल्या छातीचं आपल्याला कळतंच. मग त्यानं फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि कड्यावर बोट ठेवलं.

"हे तेव्हा ओळखलं असतं तर तू आज बरी असतीस."

अक्कानं फोटो हातात घेतला. थोड्या वेळानं तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला काय ठाऊक असणार तवा? टीव्हीवर सांगतात की, नऊ वर्षांखाली कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणून. उगं जिवाला लावून घेऊ नको."

वाट मोकळी होती. तिनंच करून दिली होती. नुसतं मान खाली घालून बसला असता तरी चाललं असतं. दोघांनी मिळून रडून घेतलं असतं आणि दाजी आल्यावर जेवायला बसले असते. सम्मेदला तो मोह झाला. त्या क्षणी त्याला स्वतःची जितकी किळस आली तितकी कधीच आली नव्हती.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "अक्का, मला ठाऊक होतं. आठ दिवस आधी एका बाईनं हेच कडं दाखवलं होतं. तिनं पत्र पाठवलं होतं, फोटो पाठवला होता. मी तिची टर उडवली होती. तुझा हात बघितला तेव्हा मी ओळखलं. तपासायला पाठवलं असतं तर लोक मला हसले असते, म्हणून पाठवलं नाही."

डोक्यावरचा हात उचलला गेला.

मशिन धपधप करत राहिलं. अक्का आपलं मनगट उलटं करून बघत होती. नितळ होतं, एक डाग नव्हता.

"मांडवात सगळ्यांना दाखवत फिरले रे मी," ती म्हणाली. "हा हात. भावाची करामत म्हणून."

सम्मेदला वर बघवेना. तो फरशीवर सांडलेली शेंगांची टरफलं गोळा करत राहिला.

"मी एकटीच, का अजून कोण हाय?"

"तीनशे बारा."

"समदी माझ्यागत झाली?"

"नाही. सत्तावन्न जणांना अजून वेळ आहे."

"ठाऊक कधीपासून हाय तुला?"

"दीड महिना."

अक्काला खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. सम्मेद पाणी द्यायला उठला, तर तिनं हातानंच त्याला बाजूला सारलं आणि तांब्या स्वतः उचलला. पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं.

"मग हितं काय बसलायस?"

"अक्का, मला क्षमा—"

"नाही." तिचा आवाज चढला नाही. "दरसालला तू म्हणतोस आणि मी लगेच म्हणते, तुला पण. म्हणायची सवयच लागलीय आपल्याला. यंदा नाही म्हणणार. आधी त्या माणसांना बोलाव. समद्यांना. मग ये माझ्याकडं. तवा बघू."

तो दारापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, "तो फोटो ठेवून जा. माझा हात हाय तो."

*

दवाखान्यात येऊन त्यानं भिंतीवरचे उरलेले फोटो उतरवले आणि मेसेज लिहिला. पहिली ओळ हात आपोआप लिहून गेले: कळत-नकळत. मग 'नकळत' त्यानं खोडलं. पुढे सगळं लिहिलं. कडं म्हणजे काय, मी ते कुणाकुणाचं पुसलं, मला ते आधी ठाऊक होतं, तुमच्यापैकी तीनशे बारा जणांना धोका आहे, ताबडतोब या, पट्टी लावून घ्या, औषधाचा खर्च माझा. भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले आहेत. यादी आरोग्य खात्याला आजच देत आहे. खाली सही.

रेहानाबाईंनी तो वाचला. त्यांच्या धाकट्या जावेचा हातही त्या भिंतीवर होता. त्यांनी सम्मेदकडे एकदाच पाहिलं आणि बटण दाबलं. मग खुर्ची मागे सारून त्या फोन घेऊन बाहेर गेल्या. जावेला लावत असणार.

मिनिटभरात उत्तरं यायला लागली.

'आपणासही उत्तम क्षमा, डॉक्टर.' 'उत्तम क्षमा सर.' जोडलेले हात. कमळं. फुलांच्या परड्या. 'तुम्हालाही सहकुटुंब उत्तम क्षमा.' दहा मिनिटांत चारशे, अर्ध्या तासात हजारावर. पडदा फुलांनी भरून वाहत होता. सम्मेद बघत राहिला. मग त्याला समजलं की दोन ओळींच्या पुढे कुणीही गेलेलं नाही. दरवर्षीचा निरोप, दरवर्षीचं उत्तर. गावानं त्याला न वाचताच क्षमा करून टाकली होती. सत्तावन्न जणांपैकी एकोणचाळीस जणांचं उत्तर आलं होतं, आणि एकाही उत्तरात प्रश्न नव्हता.

एवढी लाज त्याला अक्कापुढेही वाटली नव्हती. तिथे निदान तिनं ऐकून घेतलं होतं.

त्यानं यादी छापून काढली. पद्मावती चौगुले हे नाव सगळ्यात वर होतं. ते पेनानं खोडून त्यानं सगळ्यात खाली लिहिलं. मग सत्तावन्न जणांतला पहिला नंबर लावला. भारती कोष्टी, वय बत्तीस, कांडी कामगार. तिच्या हाताला मलम दिल्याला एक वर्ष सात महिने झाले होते. साखरपुड्याच्या आधी आली होती.

"काय डॉक्टर, मेसेज मिळाला की," मागांच्या खडखडाटात ती मोठ्यानं बोलत होती. "मी पण पाठवला उलटा. बघितला न्हाई?"

"बघितला. तुम्ही माझा वाचलात का?"

"त्यात काय वाचायचं असतंय? दरवर्षीचंच की." ती हसली.

"यंदा दरवर्षीचा नाही. जरा बाहेर या, जिथे नीट ऐकू येईल तिथे."

खडखडाट कमी झाला. सम्मेदनं सांगितलं. कडं, फुप्फुस, मलम, डॉक्टर शू, सगळं. आपल्याला ठाऊक होतं हेही. सांगताना दोनदा त्याचा आवाज गेला आणि दोन्हीदा त्यानं ते वाक्य परत पहिल्यापासून सांगितलं. मग भारती बोलली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"डॉक्टर, मघाशी मी ते उत्तम क्षमा पाठवलं न्हाई का..."

"हो."

"ते परत घेता येतंय का?"

"येतं," सम्मेद म्हणाला. "घ्या परत. आणि दुपारी तीन वाजता या. पट्टी लावू."

तिनं फोन ठेवला. त्यानं तिच्या नावापुढे 'तीन वाजता' असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.